दोरीखालचा माणूस

मी आज जो काही आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या खेळाच्या सरांमुळे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढे मला बरंच वाईट बोलायचं आहे, आणि त्याआधी एक तरी चांगली गोष्ट लिहून झालेली बरी.

सर आम्हाला मल्लखांब शिकवायचे. शाळेच्या मैदानावर जनावरांचा बाजार भरायचा, म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगणात मुलांसाठी लाकडी खांब रोवला होता आणि मुलींसाठी चिंचेच्या फांदीला सुती दोरी टांगली होती. मी मल्लखांबात बेताचाच. वर गेलो की पाय थरथरायचे. सरांनी मला काढून टाकलं नाही, खाली उभं केलं. त्यांच्या अंगणाचा एकच कडक नियम होता : वर कुणी असलं की खाली कुणीतरी उभं असलंच पाहिजे. खाली गादी असायची, तरीही. नजर वर, हात अर्धे उचललेले, तोंड बंद. वर गेलेलं पोर हात सोडण्याआधी विचारायचं, "उभा हाय का?" खालच्याने म्हणायचं, "उभा हाय." मगच हात सोडायचे. सर म्हणायचे, "ज्याला वर जमत नाही त्याला पडण्याची भीती नीट माहीत असते. तो खाली चांगला उभा राहतो." मी चांगला उभा राहायला शिकलो. सरांची मुलगी पाचवी-सहावीत दोरीवर चढायला लागली, तेव्हापासून मी गाव सोडेपर्यंत तिच्या खाली बहुतेक मीच असायचो.

बारावीनंतर वडील मला त्यांच्याबरोबर बाजार समितीत हमालीला नेणार होते. त्यांचंही चुकत नव्हतं, घरात खाणारी तोंडं सहा होती. एका संध्याकाळी सर आले आणि आमच्या उंबऱ्यावर बसले. फारसं बोलले नाहीत. आईने चहा दिला, तो प्यायले. जेवायची वेळ झाली तरी उठेनात. वडिलांनी दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी वडीलच म्हणाले, "सर, शिकू द्या त्याला, पण आता घरला जा, बाई वाट बघत असतील." आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. तो असा झालो. आता पुण्यात एका सरकारी कार्यालयात टेबल आहे, कात्रजला दोन खोल्या आहेत.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी सरांचा फोन आला. सर आता निवृत्त आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून स्वतः मोठ्याने बोलतात.

"अरे, शाळेत खेळाच्या बाईंची जागा निघालीय. संस्थावाले आपल्या पोरीला घ्यायला तयार हाईत. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणतात. आणि ही म्हणती, मी पुण्यात सर्कशीत हाय. आता सर्कस म्हणजे काय राहिली रे? हत्ती तर कधीच बंद झाले."

"विचारतो मी तिला, सर."

"विचारू नको. बघून ये. आणि मला फोनवर सांगू नको, फोनवर माणूस गोड बोलतो. पत्र लिही. बोलवा म्हणलास तर बोलवीन, राहू द्या म्हणलास तर राहू देईन. तिच्याशी तसं ठरलंय माझं. ती म्हणली, दादा लिहील ते मान्य."

म्हणजे एका मुलीचं पुढचं आयुष्य माझ्या पत्रावर ठेवून दोघंही बापलेक मोकळे झाले. मी शनिवारी संध्याकाळी बस पकडून कसबा पेठेत गेलो.

जागा एका जुन्या भांड्यांच्या गोदामात होती. बाजूच्या गल्लीत अजून तांबं ठोकायचा आवाज चालू होता, आणि गोदामाच्या दारावर मात्र बारीक दिव्यांची माळ आणि एक कुंडी. दारात एक मुलगी मनगटावर शिक्के मारत होती.

"काका, चपला इथे काढा, आणि बाहेरचं सगळं इथेच सोडून आत या."

"बाहेरचं म्हणजे?"

"म्हणजे, यू नो, स्ट्रेस वगैरे."

"आणि छत्री?"

"छत्री आणू शकता."

आमच्या अंगणाच्या फाटकावर सरांनी खडूने 'चपला बाहेर' असं लिहिलं होतं. तेवढ्यावर काम भागायचं.

आत पन्नासेक माणसं जमिनीवर उशा घेऊन बसली होती. इतकी जवळ, की कलाकाराने पाय लांब केला तर कुणाच्या तरी चहात जावा. चहाही साधा नव्हता, त्यात फुलं होती. छताच्या लोखंडी तुळईवरून एक दोरी खाली आली होती आणि तिच्याखाली उघडी शहाबादी फरशी होती. मी गादी शोधली. आधी वाटलं, वेळेवर आणून टाकतील.

लिनेनचा कुडता घातलेला, अनवाणी दिग्दर्शक मधोमध आला. "आमच्या सर्कशीत प्राणी नाहीत, जोकर नाही, तंबू नाही," तो म्हणाला. "इथे प्रेक्षक आणि कलाकार असाही भेद नाही."

भेद होता. आम्ही तिकीट काढून आलो होतो.

पहिला एक तरुण आला आणि एका लाकडी खुर्चीभोवती लोळायला लागला. लोळला, खुर्चीला मिठी मारली, पुन्हा लोळला. खुर्चीने काहीच केलं नाही, तरी त्याला तिचा राग आला. माझ्या शेजारी पेठेतलेच एक आजोबा बसले होते. त्यांना नातवंडांनी आणून बसवलं होतं.

"अहो, हा उठणार आहे का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"उठेल, आजोबा."

"उठला तर मला उठवा."

शेवटी तो हातांवर उभा राहिला. गुडघे वाकडे, पावलं सैल, पाठीत केळ्यासारखी कमान. आमच्याकडच्या सातवीतल्या पोराला सरांनी असं केल्यावर खाली उतरवून पाणी प्यायला पाठवलं असतं. इथे लोकांनी डोळे मिटून टाळ्या वाजवल्या. ते डोळे का मिटले ते मला कळलं नाही; मिटल्यामुळे गुडघे दिसले नाहीत, एवढा फायदा मात्र झाला.

मग एकजण तीन कांदे हवेत फेकून झेलायला लागला. झेलणं बरं होतं, खरं सांगायचं तर चांगलं होतं. पण त्याला ते पुरेसं वाटेना. त्याने मध्येच थांबून एक कांदा सोलला आणि आमच्याकडे बघत रडला. लोक गंभीर झाले. कांदा सोलला की पाणी येतं हे आमच्या आईला कुणी कलेत सांगितलं नव्हतं, नाहीतर तिनेही तिकीट लावलं असतं.

मला लहानपणी गावात आलेली सर्कस आठवते. फाटका तंबू, चिखलातल्या खुर्च्या, पायाला दोरखंड बांधलेला म्हातारा उंट. पण झोक्यावर माणसं गेली की खाली जाळी ताणलेली असायची. ती जाळी ठिगळं लावलेली होती, पण होती. ती माणसं गरीब होती, त्यांना धोक्याचा शौक नव्हता.

मग सरांची मुलगी आली.

तिला पाहिलं आणि मी आधी तिच्या कपड्यांकडेच बघितलं. घोट्यापर्यंत गुळगुळीत साटिनची विजार, मनगटापर्यंत बाह्या, सगळं राखाडी. दोरीवर माणूस कातडीने टिकतो. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यात दोरी धरायची आणि मांडीच्या उघड्या कातडीवर तिची अढी, म्हणजे वेढा, बसवायचा. हे सर सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे. म्हणून तर दोरीवरच्या मुली आखूड चड्डी घालतात, आणि त्यावरून गावातली चार शहाणी माणसं सरांना बोलायची तेव्हा सर त्यांना सांगायचे, "तुम्ही साटिन घालून चढून दाखवा, मी हिला लुगडं नेसवतो." आणि इथे, पुण्यात, शिकलेल्या माणसांनी तिला साटिन घातलं होतं.

गादी आली नाही. ती तशीच चढली.

चढली मात्र सुंदर. बाकीच्या तासाभरात त्या जागेत जे काही झालं ते सगळं तिच्या पहिल्या तीन पकडींपुढे पोरखेळ होता. आवाज नाही, झटका नाही. दोरी जणू स्वतःच तिला वर घेत होती. मागून एक रेकॉर्ड केलेला आवाज सारखा विचारत होता, "मी कोण? मी कोण?" आजोबा म्हणाले, "हिला माहीत असावं, ह्या आवाजालाच माहीत नाही."

तुळईजवळ जाऊन तिने कमरेला आणि मांडीला दोरीचा वेढा घेतला आणि डोकं खाली सोडलं. आता हात सोडायचे, दोन्ही बाजूंना पसरायचे. हे तिने माझ्यासमोर अंगणात शंभरदा तरी केलेलं. पण हात सुटेनात. लोकांना ती शांतता वाटली. मला दिसलं, की मांडीवरचा वेढा त्या साटिनवरून बोटभर सरकला. मग आणखी थोडा. तिचे हात दोरीवर आवळले, अंगठ्यातून दोरी निसटली होती आणि पाय ती शोधत होता. खाली फरशी.

मी उठलो. यात शौर्य काही नाही. आमच्या अंगणात वाढलेलं कुणीही उठलं असतं, वर पोर अडकलं की पाय आपोआप चालतात. पुढच्या बाईंची उशी ओलांडली, कुणाचा तरी फुलांचा चहा सांडला, आणि दोरीखाली जाऊन हात उचलले.

"उभा हाय," मी म्हणालो.

वरून अगदी बारीक आवाज आला, "दादा?"

"उभा हाय. घाई नको. वेढ्यावर भार देऊ नको. आधी अंगठा."

पाय हवेत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दोरी अंगठ्यात बसली. एक हात खाली येऊन वेढा घट्ट करून गेला. मला वाटलं, आता ती उतरेल. उतरायलाच हवं होतं. पण तिने खाली, म्हणजे माझ्याकडे, एकदा बघितलं आणि दोन्ही हात सोडून पसरले. हललीही नाही. तो मूर्ख आवाज अजून "मी कोण" विचारत होता. मग ती उतरली, फरशीवर पाय टेकताना माझ्या खांद्याला धरलं, आणि गोदाम टाळ्यांनी दणाणलं. लोक उभे राहिले. माझ्याकडेही बघून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, घाबरले असतील म्हणून वाजवतात. नंतर कळलं, त्यांना कुणालाच काही कळलं नव्हतं.

खेळानंतर सगळ्यांना गोल बसवलं आणि 'संवाद' झाला. काय वाटलं ते सांगायचं. एका बाईंना मी मृत्यू वाटलो. एका मुलाला बाप वाटलो. चष्मा लावलेल्या एका गृहस्थांना मी व्यवस्था वाटलो. कार्यालयात मला लोक रोजच व्यवस्था समजतात, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. कुणीतरी दिग्दर्शकाला विचारलं, "हे ठरलेलं होतं का?"

तो हसला. "आम्ही शक्यतांना जागा ठेवतो."

शक्यतांना जागा होती. गादीला नव्हती. मी तोंड उघडणार होतो, पण सरांची मुलगी समोर बसली होती आणि मान अगदी थोडी हलवून नको म्हणत होती. आजोबांनी मात्र जाता जाता माझा दंड धरला. "ती पोरगी पडत होती ना हो?"

"हो."

"मला वाटलंच. बाकी सगळे अर्थ लावत होते, म्हणून म्हटलं, आपलंच चुकतंय की काय."

आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेलो. तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

"दादा, तुम्ही उगाच उठलात."

मी टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.

"उगाच नाही," ती म्हणाली. "पण सगळ्यांसमोर."

"साटिन कुणाचं डोकं?"

"त्यांचं. म्हणाले, चड्डीत स्पर्धेसारखं दिसतं."

"मग दिसू दे की. आणि गादी?"

"मागितली होती. म्हणाले, गादी दिसली की प्रेक्षकाला धोका खरा वाटत नाही."

"धोका तुला आहे, वाटायचा त्यांना?"

तिला हसू आलं, मग गेलं. "तुम्ही बाबांना लिहिणार ना? बोलवा म्हणून?"

"तूच सांग, का लिहू नको."

ती तांबं ठोकणाऱ्या गल्लीकडे बघत म्हणाली, "दादा, माझं स्पर्धेचं वय संपलं. आपल्याकडे स्पर्धा संपली की दोरी संपते. मग शिट्टी. मी शाळेत बाई झाले, की पोरींना चढवीन आणि स्वतः खाली उभी राहीन. वाईट नाही ते. तुम्ही किती वर्षं केलंत. पण तुम्हाला वर जमत नव्हतं. मला जमतं." मग घाईने म्हणाली, "राग नका मानू."

"खरं आहे ते. राग कसला?"

"हे लोक येडपट आहेत, मला दिसतं. त्या खुर्चीवाल्याला मी रोज सांगते, गुडघे सरळ ठेव. पण आठवड्यातून दोन दिवस मला दोरी मिळते. इथे कुणी विचारत नाही की लग्न कधी."

तेवढ्यात दिग्दर्शक अनवाणीच रस्ता ओलांडून आला. "सर, कमाल होती तुमची एंट्री. इतकी प्रामाणिक! तुम्ही दर शोला असं उठाल का? तसंच, ह्याच कपड्यांत. मानधनाचं बघू काहीतरी."

मी त्याला म्हणालो, "मानधन नको. तिला तिचे स्वतःचे कपडे घालू द्या. आणि खाली गादी टाका."

"कपडे, ओके, ट्राय करू. पण गादीने फ्रेम बिघडते हो."

"मी फ्रेममध्ये चालतो, आणि गादी चालत नाही?"

"तुम्ही माणूस आहात."

"ती पण माणूस आहे."

त्याने कपाळावर हात फिरवला, थोडा वेळ डोळे मिटून चित्र डोळ्यांसमोर आणलं, आणि म्हणाला, "गादी काळी असेल तर... काळ्यात ती अदृश्य होईल. तेवढं चालेल."

त्याला समजलं म्हणून तो हो म्हणाला नाही. त्याला काळा रंग आवडतो म्हणून म्हणाला. मुलगी माझ्याकडे बघत होती, तशीच, दोरीवरून बघितलं होतं तशी. रविवारी सकाळी कात्रजला बसून मी सरांना पत्र लिहिलं. ते असं :

आदरणीय सरांना जय भीम.

आपण सांगितल्याप्रमाणे जाऊन आलो. जे पाहिलं ते तसंच लिहितो.

सर्कस भिकार आहे. हत्ती असते तर ते सोडून गेले असते. एक जण खुर्चीशी भांडतो, एक कांदा सोलून रडतो, बघणारे शहाणे आहेत आणि त्यांना काही दिसत नाही. ज्याच्या हातात सगळं आहे त्याला वर गेलेल्या माणसाची काळजी नाही, चित्राची आहे.

आपली मुलगी पडता पडता वाचली. हे लपवून आपल्याला काही लिहिणं मला जमणार नाही. तिला साटिन घातलं होतं आणि खाली गादी नव्हती. वेढा सरकला. मी प्रेक्षकात होतो, खाली जाऊन उभा राहिलो. आपण शिकवलं होतं त्याप्रमाणे बोललो. तिने पकड परत धरली. त्यानंतर ती उतरली नाही, सर. तिने हात सोडले. इतकं स्थिर मी अंगणातही कधी पाहिलं नव्हतं.

हे वाचून आपण तिला लगेच बोलवाल, म्हणून पुढचं नीट वाचावं. तिला बोलवू नका. शाळेची जागा चांगली आहे, पण ती खाली उभं राहण्याची जागा आहे. खाली उभं राहायला माझ्यासारखे पुष्कळ आहेत. वर जाणारं आपल्या अंगणातून एकच निघालं. ते येडपटांच्या हाती पडलं आहे, पण सध्या दोरी त्यांच्याकडेच आहे.

दर शुक्रवारी आणि शनिवारी खेळ असतो, तेव्हा मी जाईन. खेळ सुरू झाला की उठून दोरीखाली उभा राहीन. लोक मला मृत्यू समजतात, समजोत. कपडे ती आपले घालेल असं कबूल करून घेतलं आहे. न घातले तर ती चढणार नाही, हे तिच्याकडूनही वदवून घेतलं आहे. ज्या दिवशी यातलं एकही मोडेल त्या दिवशी मी स्वतः तिला एसटीत बसवून घेऊन येईन.

आता एक काम. इथे गादी घालायला तयार आहेत, पण काळी पाहिजे म्हणतात. दुकानातल्या गाद्या मऊ असतात, त्यांच्यात पाय मुरगळेल. अंगणातली जुनी गादी, चिंचेखालची, ती गुंडाळून पहिल्या एसटीने पाठवावी. कंडक्टरला माझा नंबर द्यावा, मी स्वारगेटला उतरवून घेईन. तिच्यावर काळं कापड मी इथे शिवून घेतो.

शुक्रवारच्या आत पोचली तर बरं.

आपला विद्यार्थी